हळद लागलेली पोती

जहाजवाल्यांच्या भाषेत 'क्लीन' नावाचा एक शब्द आहे. तो कुणी उच्चारला की अजूनही माझ्या कानशिलावरची शीर उडायला लागते. बायको म्हणते, त्या शब्दानं तुमचं असं काय घोडं मारलं? घोडं नाही मारलं. एका बाईची रोजी खाल्ली. आणि त्या शब्दाचा अर्थ अख्ख्या तालुक्यात ज्याला ठाऊक होता, असा एकमेव शहाणा तिथंच उभा राहून स्वतःच्या चपला बघत होता. तो शहाणा मी.

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. तलाव मात्र एवढे होते की आभाळातून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी आरसा फोडून तुकडे फेकलेत. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा त्यातले कितीतरी तुकडे आणि बऱ्याच तांदूळ गिरण्या पलीकडच्या नव्या जिल्ह्यात गेल्या. आमच्याकडे उरल्या त्यातली एक सिहोऱ्याच्या बाजूला होती, आणि तिथं मी बाबू होतो. ट्रकच्या बिल्ट्या करायच्या, रेल्वेचे कागद करायचे, शेठजींचं ऐकायचं. शेठजींचा आवाज असा की ते गिरणीत 'बाबू' म्हणाले तर नदीपलीकडचे तीन बाबू उठून उभे राहत.

तांदूळ परदेशी पाठवायची बंदी उठली, त्या साली शेठजींना समुद्राचं वेड लागलं. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता. आम्हाला नाव म्हणजे डोंगा. वैनगंगेच्या घाटावर डोंगेवाला चार माणसं जमेपर्यंत विडी ओढतो, पाऊस आला तर तो आणि आपण सारखेच भिजतो, आणि थांबलो म्हणून कुणी कुणाकडे काही मागत नाही. एवढंच आमचं नौकानयन.

पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरातला एक एजंट शेठजींना कुठूनसा सापडला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका व्यापाऱ्याला उष्णा तांदूळ, म्हणजे धान उकडून काढलेला, हवा होता. एका जहाजात चौघांचा माल जाणार, त्यातले एक आम्ही. एजंटनं जहाजाच्या अटींचे कागद धाडले. मी ते तुमसरच्या एका दुकानात छापायला दिले, तर तिथला प्रिंटर दोनदा बेशुद्ध पडला. कागद एकाला एक जोडले असते तर सिहोऱ्यापासून वरठीपर्यंत रस्ता झाकला असता.

शेठजी म्हणाले, "बाबू, हे तुमी वाचा, अन् मंग मले समजावा. सही मी करीन."

आठ दिवस मी डिक्शनरी घेऊन बसलो. नंतर रोज संध्याकाळी गिरणीच्या ओसरीत माझा वर्ग भरायचा. शेठजी खुर्चीत, मी बाकावर, आणि खाली पोती शिवणाऱ्या बाया आपलं काम आटपत बसलेल्या. त्यांची मुकादमीण होती मामी. शेठजींपासून हमालांपर्यंत सगळे तिला मामीच म्हणत. जुन्या हलरच्या, म्हणजे धान सडायच्या यंत्राच्या, पट्ट्यात तिच्या उजव्या करंगळीचं पेर गेलं होतं, पण साडेचार बोटांनी ती दाभण अशी चालवायची की पोत्याला कळायच्या आत त्याचं तोंड शिवलेलं असायचं. पुढं शिलाईची मशीन आली, तरी शेवटचा हात तिचाच.

पहिल्या संध्याकाळी मी 'फ्री इन अँड आउट' समजावलं.

"फ्री हाये ना? बेस हाये," शेठजी म्हणाले.

"जहाजाला फ्री, शेठजी. माल चढवायचा खर्च आपला, उतरवायचा समोरच्याचा. जहाजवाला फक्त वाहून नेणार."

"मंग त्याले फ्री काहून म्हंतेत?"

मामी खालून म्हणाली, "लग्नात आहेराले बी खुशीच म्हंतेत ना शेठजी."

दुसऱ्या दिवशी 'ले-टाइम'. जहाजात माल भरायला आपल्याला मोजून दिलेला वेळ. तो कधी सुरू होतो? कप्तान 'नोटीस ऑफ रेडिनेस' देतो तेव्हा, म्हणजे मी आलोय, मी तयार आहे, असं लिहून कळवतो तेव्हा. आणि त्या कागदात पुढं पाच शब्द होते, 'व्हेदर इन बर्थ ऑर नॉट'. जहाज धक्क्याला लागलेलं असो की दूर पाण्यात उभं असो, नोटीस चालते. घड्याळ सुरू.

"समजा," मी म्हणालो, "जावई वरठी टेसनवर उतरला आणि तिथून फोन केला, मी जेवायला तयार आहे. आता घरी पोचायला त्याला दोन तास लागोत की दोन दिवस, वाढायला उशीर झाला तो सासूचा."

"असा जावई," मामी म्हणाली, "टेसनवरच बरा."

बाया इतक्या हसल्या की एकीची सुई बोटात गेली. शेठजी हसले नाहीत. त्यांना जावई होता.

मग 'डेमरेज'. हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतो, कारण वरठीच्या मालधक्क्यावर रेल्वेचा डबा वेळेत रिकामा झाला नाही की तोच दंड लागतो. पण जहाजाचं डेमरेज रेल्वेच्या डेमरेजचा आजा. भरायच्या वेळेत पाऊस आला तर तो वेळ मोजत नाहीत, रविवार मोजत नाहीत, सण मोजत नाहीत. इथवर ठीक. पण दिलेला वेळ एकदा संपला आणि डेमरेज सुरू झालं, की पाऊस मोजतात, रविवार मोजतात, साक्षात दिवाळीही मोजतात. त्याचा मंत्रच आहे, 'वन्स ऑन डेमरेज, ऑलवेज ऑन डेमरेज'. एकदा लागलं ते लागलं.

"म्हंजे एकदा पाय घसरला," मामी म्हणाली, "की मंग देवाचा दिवस बी कामी येत नाई."

शेठजींनी मात्र तो मंत्र माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. त्यांना तो आवडला होता. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

शेवटी आलं 'क्लीन बिल ऑफ लेडिंग'. माल चढताना जहाजावरचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, पोती बघतो आणि पावती देतो. त्या पावतीवरून जहाजाचं मुख्य कागदपत्र बनतं. पोत्यांत काय आहे याची तो खात्री देत नाही. तो लिहितो, 'सेड टू कंटेन', म्हणजे यात तांदूळ आहे असं हे लोक सांगतात बुवा. आत सोनं भरा नाहीतर भुसा, त्याचे हात वर. पण पोत्याचं बाहेरचं रूप तो सासूच्या नजरेनं बघतो. काही वावगं दिसलं तर पावतीवर शेरा मारतो. शेरा आला की बिल 'क्लीन' राहत नाही, आणि क्लीन नसलेल्या बिलावर बँक पैसे सोडत नाही.

"वावगं म्हंजे कसं?" शेठजींनी विचारलं.

"फाटलेलं, भिजलेलं, गळणारं," मी ऐटीत म्हणालो.

आठ दिवस डिक्शनरी चघळलेल्या माणसाला चौथा शब्द सुचला नाही.

आता हळदीचं सांगतो. आमच्याकडे खळ्यावरची धानाची रास उचलायच्या आधी तिला हळद लागते. हळद न लावता रास घरात नेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि असलाच तर त्याच्या घरी कुणी जेवायला जाऊ नये. गिरणीत तीच रीत मामीनं चालवली होती. निघणाऱ्या प्रत्येक खेपेच्या पहिल्या पोत्यावर ती हळदीचा हात उमटवायची. तागाचं पोतं मुळातच मळकट. ते हळद पिऊन टाकायचं आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. पण परदेशी मालाला एजंटनं नवी प्लास्टिकची पोती सांगितली होती. पांढरी, बगळ्यासारखी.

माल निघायच्या दिवशी मामीनं वाटीत हळद कालवली, पहिल्या पोत्यावर हात ठेवला आणि उचलला. साडेचार बोटं लखलखली. मी तिथं उभा होतो. माझी छाती त्या दिवसांत भंडाऱ्याच्या किल्ल्याएवढी झाली होती.

मी म्हणालो, "मामी, एका पोत्यानं काय होते? पोरगी समुद्रापल्याड जाऊन राहिली. साऱ्याइले लाव."

"साऱ्याइले? हळद पुरल काय बाबू?"

हळद मी स्वतः सायकल मारून आणली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिनं पहिल्या तीन ट्रकांच्या प्रत्येक पोत्यावर हात ठेवला. बाकीच्या बाया मदतीला सरसावल्या तर तिनं त्यांना हटकलं, "रासेले एकच हात लागते वं." संध्याकाळी तिचा हात कोपरापर्यंत पिवळा होता. तो रंग पुढं महिनाभर गेला नाही असं लोक सांगतात; मी म्हणतो दोन महिने. वरठीच्या मालधक्क्यावर पोती मालगाडीत चढताना पोलाद कारखान्यातून सुटलेले कामगार मोटरसायकली थांबवून बघत राहिले. एकानं विचारलंही, "लगन हाये काय बाप्पा?"

"हाये," मी म्हणालो. "नवरदेव आफ्रिकेचा हाये."

बारा दिवसांनी एजंटचा फोन आला. मी उचलला, शेठजी समोर बसले होते.

"साब, आपका लॉट चढ़ रहा है, लेकिन मेट ने शेरा मार दिया. बॅग्ज स्टेन्ड, येलो. पीले दाग. ऐसे में बिल क्लीन नहीं बनेगा."

"वो दाग नहीं है, हळद है," मी म्हणालो.

"साब, मेट फिलिपीन का है. उसको हळद नहीं मालूम, उसको पीला मालूम है."

दोनच वाटा होत्या. एक, शेरा मारलेली पोती बंदरावर बदलायची. दुसरी, शेठजींनी जहाजवाल्याला हमीपत्र लिहून द्यायचं, की शेरा न लिहिता बिल द्या, पुढं काही झालं तर आमची मान घ्या. तोवर ले-टाइम टिकटिक करत होताच. शेठजींना मान प्यारी होती. त्यांनी पोती बदलायला सांगितली, फोन खाली आपटला आणि गिरणीच्या आवारात जाऊन ओरडले. त्या दिवशी नदीपलीकडचे तीन बाबू नुसते उभे राहिले नाहीत, पळाले असतील.

"कोनं लावली हळद?"

मामी शिलाई मशीनपाशी होती. ती उठली. "मीनं."

"कोनाले विचारून?"

मी दहा हातांवर होतो. माझ्या तोंडात बत्तीस दात, एक जीभ, सगळं जागच्या जागी होतं. मामीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रेल्वे फाटकातला माणूस गाडी येते की नाही हे बघतो, तसं. मग ती शेठजींना म्हणाली, "हळद लावाले कोनाले विचारते कोनी?"

"उद्यापासून येऊ नको."

तिनं दाभण खांबात खोचली आणि गेली. पंचवीस वर्षं ती त्या गिरणीत होती. शेठजींनी गिरणी घ्यायच्या आधीपासून होती. आणि मी चपला बघत होतो. त्या चपलांचे अंगठे मला अजून पाठ आहेत.

त्या मेटवर मला राग आला. पोत्यात काय आहे ते मला ठाऊक नाही म्हणतो आणि पोत्यावर काय आहे ते मात्र त्याला ठाऊक. शेठजींवर आला, माझ्यावर आला, त्या सगळ्या कागदांवर आला. इथून तिथून पसरलेल्या त्या अटींमध्ये पाऊस होता, संप होता, युद्ध होतं, चाचे होते, देवाची करणीसुद्धा होती. साडेचार बोटांच्या बाईसाठी एक ओळ नव्हती.

रागात माणूस एकतर भांडतो नाहीतर अर्ज लिहितो. मी अर्ज लिहिला. एजंटकडून त्या आफ्रिकेतल्या खरेदीदाराचा पत्ता काढला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला कळवलं: हा डाग नाही. आमच्याकडे धान आणि मुलगी घराबाहेर पडताना हळद लावतात. तांदूळ आत कोरडा आहे, सोबत फोटो आहे. आपल्या घरीही काही रीत असेलच. हे शेठजींना न विचारता केलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, तोवर बंदरावर अर्धीच पोती बदलून झाली होती. बँक ज्यावरून पैसे सोडते त्या पत्रात त्या भल्या माणसानं एक ओळ वाढवून घेतली, की पोत्यांवर पिवळ्या हाताची खूण असली तरी चालेल. झालं. उरलेली पोती हळदीसकट चढली. जहाज वेळेत भरलं. डेमरेज लागलं नाही, बँकेनं पैसे सोडले.

आता बोलायला हरकत नव्हती, म्हणून मी बोललो. भित्र्याला मुहूर्त चांगला सापडतो. शेठजींना म्हणालो, "शेठजी, पत्र मी लिहिलं. आणि सगळ्या पोत्यांना हळद लाव हेही मामीला मीच सांगितलं होतं."

मला वाटलं, आता माझी पाळी. शेठजी हसायला लागले. "अरे बाबू, तुमी तर एक्सपोर्टवाले निंगाले. आफ्रिकेवाल्याले पटवलं ना बाप्पा." त्यांनी माझ्यासाठी साहेबलोकांची असते तशी चाकाची खुर्ची मागवली. तीच हळद. तिच्या हातून लागली तर डाग, माझ्या तोंडून निघाली तर अक्कल.

"मग मामीला बोलवू?" मी विचारलं.

शेठजींनी बोट वर केलं. पाठ केलेला मंत्र त्यांनी असा म्हटला, जणू मी शिकवला नसून तेच तो घेऊन जन्मले होते. "वन्स ऑन डेमरेज, ऑलवेज ऑन डेमरेज. एकदा काढलं ते काढलं बाबू. नाई तं मंग बाकीचे काय शिकतीन?"

मी त्या खुर्चीत बसलो. हे लपवत नाही. चाकं छान होती.

पुढच्या हंगामात खरेदीदारानं पुन्हा माल मागवला आणि खाली लिहिलं, की बाजारात बाया हाताचंच पोतं मागतात, तर या वेळी सगळ्या पोत्यांवर तो हात हवा. मी मनात म्हटलं, आता तरी शेठजींना मामीच्या दारी जावं लागेल. शेठजी नागपूरला गेले. पोती छापूनच आणली. पिवळा हात, चकचकीत, एकासारखा एक. आणि त्याला पूर्ण पाच बोटं. छापणाऱ्यानं करंगळी दुरुस्त केली होती.

एक रिकामं पोतं घेऊन मी मामीकडे गेलो. ती तेव्हा दुसऱ्याच्या वावरात रोवण्याला जात होती. पंचावन्न वर्षांची बाई दिवसभर चिखलात वाकून धान लावत होती. अंगणात पोतं पसरून तिनं आपला हात त्या छापावर ठेवला. चार बोटं जुळली. करंगळीपाशी पिवळं टोक बाहेर राहिलं.

"हा माहा नाई," ती म्हणाली.

"मामी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"तू बोलनार नाई हे मले तेव्हाच दिसलं होतं."

"मी सांगितलं म्हणून तू लावली ना हळद."

"तुह्या सांगन्यानं कायले लावीन?" ती एकदम चिडली. "मले लावाची होती, मनून लावली. तू आपलं पाप माह्या हातावर नको देऊ."

पोतं तिनं घडी करून परत दिलं. पाणी विचारलं नाही. आमच्याकडे पाणी न विचारणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यालाच कळेल.

तो माल वरठीला मालगाडीत चढायचा होता. मी आदल्या दिवशी काळे मार्कर घेतले, जाड टोकाचे. मालधक्क्यावर थप्पीशेजारी उभा राहिलो, आणि हमाल पोतं उचलायला वाकला की त्याच्या आधी वाकून त्या छापील हाताच्या करंगळीचं टोक काळं करून टाकायचो. एका पोत्यावर एक फराटा. हमाल माझा फराटा संपेपर्यंत वाकलेलेच थांबायचे. त्यातल्या निम्म्यांनी मामीनं शिवलेली पोती वर्षानुवर्षं पाठीवर वाहिली होती. किती पोत्यांवर मारले? मी म्हणतो, सगळ्या. मार्कर मध्येच सुकले तर मालधक्क्यावरचा कोळसा घेतला. दुपारपर्यंत माझा हात काळा झाला होता, कोपरापर्यंत नाही, पण मनगटाच्या वर.

बंदरावरून फोन आला तो शेठजींनीच उचलला. मी समोर त्या चाकाच्या खुर्चीत होतो. एजंटचा आवाज बाहेरही ऐकू येत होता. मेटनं शेरा मारला होता, सगळ्या पोत्यांवरची खूण खराब केलेली आहे.

शेठजींनी फोनवर हात ठेवला. "कोनं केलं?"

"मीनं," मी म्हणालो.

"काहून?"

"करंगळी चुकली होती. दुरुस्त केली."

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. आवाज, नदीपलीकडचे बाबू, सगळं. खुर्ची मी स्वतःच ढकलून भिंतीला लावली. मंत्र ऐकवायची गरज त्यांना पडली नाही, मला पाठ होता.

घरी जाताना वाट मामीच्या दारावरून होती. ती ओट्यावर पायाचा चिखल धूत बसली होती. मी सायकल थांबवली.

"काढलं," मी म्हणालो.

"तुले?"

"मले. कोनं केलं विचारलं, तर मी सांगितलं मीनं."

तिनं माझ्या काळ्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या पायावर पाणी घेतलं. ओसरीतल्या माझ्या वर्गात ती खाली मान घालून शिवत असायची, पण तिनं एक शब्द सांडला नव्हता.

"नोटीस लई उशिरा देल्ली बाबू तुनं," ती म्हणाली. "माहं डेमरेज तं केव्हाचंच लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रोवण्याला गेली.